चारी चाकांची मोटार आणि मांजरसुंब्याचा घाट

वाचकहो, बी-बियाणे, गोठा, कोंबड्या, लोणची-पापड हे नेहमीचे विषय सोडून आज एकदम मोटारगाडी, आणि तीही शर्यतीच्या जातीची! हे कुठून आले, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटले होते. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. सोयाबीन निम्मे झाकलेले, निम्मे भिजलेले. त्यात घरच्या बोअरची मोटार जळाली. ती भरायला टाकण्यासाठी मी बीडला गेलो. दुकानदाराने रात्री आठचा वायदा केला. आता सात-आठ तास कुठे काढायचे म्हणून बहिणीकडे गेलो, तर दारात निळ्या रंगाची एक बसकी मोटार उभी. भाचा पुण्याहून आला होता. म्हणाला, "मामा, एक मोटार दुकानात टाकलीत ना, आता ही दुसरी चालवून बघा."

मी तीस वर्षे ट्रॅक्टर चालवतो आहे. मधली काही वर्षे जुनी जीपही चालवली. मोटारींवर लिहिणारी माणसे निराळी असतात, त्यांना काय बघायचे ते कळते. मला कळते ते ट्रॅक्टरवाल्याचे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते एका ट्रॅक्टरवाल्याने दिवसभर महागड्या गाडीत बसून पाहिलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचा.

गाडीचे नाव मर्सिडीज-एएमजी ए ३५ फोरमॅटिक. नाव लांबलचक आहे, पण त्यातला शेवटचा शब्द आपल्या उपयोगाचा. फोरमॅटिक म्हणजे इंजिनाचे बळ पुढच्या दोन आणि मागच्या दोन, अशा चारही चाकांना पोचते. कंपनी जर्मन, पण ही गाडी जुळवली गेली ती आपल्या पुणे जिल्ह्यात, चाकणला. या कंपनीने १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात आपल्या देशातल्या गाड्या जुळवायला सुरुवात केली, २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना चालू केला आणि २०२१ च्या मार्चमध्ये हे मॉडेल तिथे जुळवून बाजारात आणले. त्या वेळी किंमत ५६ लाखांच्या वर होती. तेवढ्या पैशात आपल्या दारात सहा-सात ट्रॅक्टर उभे राहतील. भाच्याने नवी घेतली नाही, वापरलेली घेतली, आणि तीही कर्ज काढून. त्यावरून बहिणीचे आणि त्याचे जे काही झाले असेल ते त्यांच्या घरात.

मर्सिडीजचे नाव निघाले की मराठवाड्यातल्या जाणत्या माणसाला २०१० साल आठवते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या लोकांनी एकजुटीने एकदम १५० मर्सिडीज खरेदी केल्या. ६५ कोटींचा व्यवहार होता. एका सरकारी बँकेने त्यासाठी ७ टक्क्यांनी कर्ज दिल्याचे छापून आले होते, आणि त्याच दिवसांत ट्रॅक्टरच्या कर्जाला मात्र त्याच्या दीडपट-दुप्पट व्याज पडत होते. मोटार घेणाऱ्यांचा हेवा नाही. पण ज्या चाकांनी पोट भरते त्यांना व्याज जास्त आणि ज्यांनी हौस भागते त्यांना कमी, हे कोडे मला तेव्हाही सुटले नव्हते, आजही सुटलेले नाही. असो. गाडीकडे वळू.

इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे, टर्बो लावलेले. ताकद ३०६ अश्वशक्ती! माझा ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा आणि त्याचे इंजिन मात्र याहून आकाराने मोठे. हे कसे, असा प्रश्न तुम्हालाही पडेल. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेऊन दिवसभर नांगर ओढायला केलेले असते. हे इंजिन मिनिटाला जवळजवळ सहा हजार फेऱ्यांपर्यंत पळते तेव्हा कुठे ती ३०६ ची ताकद देते, आणि तीही घटकाभर. एक बैल आहे, दुसरा शंकरपटातला. शंकरपटातल्या बैलाला तुम्ही औताला जुंपणार नाही.

आत बसणे हाच पहिला धडा. खुर्ची इतकी खाली की बसताना आधी पाठ टेकवायची, मग पाय आत घ्यायचे. धोतर नेसणाऱ्या आमच्या वडिलांना हे जमले नसते. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले की इंजिन घशातल्या घशात गुरगुरते. गिअरची दांडी शोधाल तर सापडणार नाही. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला एक काडी आहे, ती खाली केली की गाडी पुढे, वर केली की मागे. आपल्या गाड्यांत त्याच जागी इंडिकेटर असतो. पहिल्याच चौकात मी इंडिकेटर म्हणून ती काडी हलवली आणि गाडी न्यूट्रल होऊन जागच्या जागी गुरगुरत राहिली. मागच्या रिक्षावाल्याने काय म्हटले ते इथे छापण्यासारखे नाही.

बीडच्या बाहेर पडून आम्ही गेवराईच्या दिशेने लागलो. हा धुळे-सोलापूर महामार्ग, पूर्वीचा २११ आणि आताचा ५२ क्रमांकाचा, चार पदरी झाल्यापासून मोकळा वाटतो. पाडळशिंगीचा टोलनाका मागे पडला, पुढे सरळ रस्ता आला, तेव्हा भाच्याने चक्र स्वतःच्या हातात घेतले. म्हणाला, "मामा, डोकं मागं टेकवा." कंपनी सांगते की ही गाडी उभ्यापासून ताशी शंभरला ४.८ सेकंदांत पोचते. सावकाश दोनदा "रामकृष्णहरी" म्हणा, तेवढा वेळ. दुसऱ्या हरीला माझी पाठ खुर्चीत रुतलेली होती आणि पोट मागे राहिले होते. चाक फिरल्याचा, घसरल्याचा आवाजच नाही. मोठ्या ताकदीच्या गाडीत, नुसती पुढची किंवा नुसती मागची चाके ओढत असली, तर असा पाय दाबल्यावर चाके जागेवर फिरतात, रबर जळते. इथे ती ताकद चौघांत वाटली गेली, म्हणून कोणालाच ती जड झाली नाही.

शंभरावर आल्यावर त्याने पाय काढला. हे बरे केले. मोकळ्या चार पदरी रस्त्यावरही मोटारीला तेवढीच मुभा आहे, आणि गढीच्या आसपास दुभाजकाच्या फटीतून कधी म्हैस येईल, कधी मोटारसायकल, याचा नेम नसतो.

नंतर मी बराच वेळ चालवली. चक्र हलके आहे आणि एवढेसे फिरवले की तेवढीच वळते, कमी नाही, जास्त नाही. वळणावर अंग झुकू देत नाही. आतला आवाज कमी, चाकांचा मात्र ऐकू येतो. आणि कंबरेला सगळे कळते! टायरची रबरी बाजू चार बोटांची. पुलावरचा जोड आला की कळतो, डांबराचे ठिगळ आले की कळते. आपल्या जीपमध्ये धक्का बसायचा तो मोठा आणि मऊ, इथला लहान आणि टणक. शिवाय बसका सूर असल्यामुळे रस्ता वेगळाच दिसतो. एक ट्रॅक्टर ओलांडला तेव्हा त्याच्या मागच्या चाकाचे नट माझ्या कानाच्या रेषेत होते. इतकी वर्षे मी वरून मोटारींकडे पाहत आलो. खालून ट्रॅक्टर कसा दिसतो ते त्या दिवशी प्रथम पाहिले. त्या गोष्टीकडे पुढे येतोच.

गेवराईहून परत फिरलो आणि गढीच्या अलीकडे परतीच्या पावसाने गाठले. भाच्याच्या तोंडावर आनंद! म्हणाला, "आता घाटात मजा बघा." घाट येईपर्यंत ही चार चाकांची भानगड काय आहे ती सांगून टाकतो.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे निम्मे ठाऊकच असते. एक चाक चिखलात गेले की तेच गरगर फिरते आणि कोरड्यावरचे चाक ढिम्म उभे राहते. दोष डिफरन्शियलचा. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावे लागते म्हणून ते दोन्ही चाकांना वेगळे फिरू देते, पण चिखलात हीच सवलत गळ्याशी येते. मग आपण डिफरन्शियल लॉकच्या पेडलवर टाच दाबतो आणि दोन्ही चाके एकजीव होऊन बाहेर पडतात. चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या चाकांचा लिव्हर टाकतो. पण तोच लिव्हर टाकून डांबरी रस्त्यावर पळाल तर पुढचे टायर खाल्ले जातात, कारण कडक रस्त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचा हिशोब जुळत नाही आणि मधल्या सांध्यांवर पीळ बसतो.

या गाडीने तो लिव्हर माणसाच्या हातातून काढून घेतला आहे. तिची पुढची चाके नेहमी ओढतात. मागच्या आसापाशी क्लचप्लेटांचा एक गठ्ठा आहे, मोटारसायकलच्या क्लचमध्ये असतो तशाच जातीचा. तो आवळला की मागच्या चाकांना बळ मिळते, सैल केला की सुटते. जास्तीत जास्त निम्मे बळ मागे जाऊ शकते. आवळायचे किती आणि केव्हा हे एक छोटे यंत्र ठरवते. चाकांचे फेरे, चक्राचा कोन, पायाचा दाब असे सारे मोजून डोळ्याचे पाते लवायच्या आत ते ठरवते. आपण टाच मारतो ती चाक फिरायला लागल्यानंतर, हे त्याच्या आधीच टाच मारून मोकळे होते.

ही कल्पना साध्या मोटारीत कशी आली त्याचीही गंमत आहे. आपल्याकडे महिंद्राच्या जीपमुळे चार चाकांचे बळ म्हणजे डोंगर, चिखल आणि फौज असेच समीकरण होते. तिकडेही तसेच होते. काही थोड्या मोटारी तेवढ्या झाल्या होत्या. १९७७ साली आउडी कंपनीच्या एका अभियंत्याला फिनलंडच्या बर्फात दिसले की फौजेसाठी केलेली इल्टिस नावाची एक जीप, ताकद जेमतेम ७५ अश्वशक्ती, भल्या भल्या मोटारींना मागे टाकते आहे. त्यातून १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो नावाची मोटार आली. पुढच्याच वर्षी इटलीतल्या सान रेमोच्या शर्यतीत मिशेल मूतों या फ्रेंच बाईने ती चालवून पहिला नंबर मिळवला. जागतिक रॅली स्पर्धेतली शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. तेव्हापासून बाकीच्या कंपन्यांची झोप उडाली. याच आउडीच्या मोटारी पुढे आपल्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळू लागल्या, हे तुमच्यापैकी त्या भागात कामाला असलेल्यांना माहीत असेलच.

पाली ओलांडून घाट लागला तेव्हा पाऊस मुसळधार होता. कडेच्या कातळावरून लाल पाणी रस्त्यावर येत होते. वाचकहो, या घाटात पावसाळ्यात मी रिकामी ट्रॉली घेऊन पहिल्या गिअरमध्ये चढलो आहे, जीप घेऊन जीव मुठीत धरून चढलो आहे. ही गाडी अशी चढली की जणू रस्ता कोरडा आहे. वळणातून निघताना पाय दाबला तरी पार्श्वभाग हलला नाही, चाक सुटले नाही. एका ठिकाणी पुढच्या बसची मागची चाके किंचित घसरताना मला दिसली, आणि त्याच डांबरावरून आम्ही तिच्या बाजूने निघून गेलो. खोटे कशाला बोलू, मला मोह पडला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण मांजरसुंब्याच्या चौकात पोचलो तेव्हा मीच म्हणालो, "अजून एकदा खाली जाऊन येऊ का?" भाचा हसला. आम्ही गेलो नाही. भूक लागली होती.

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याने नेकनूर आणि तिथून आत आमचे गाव. गावापासून वस्तीपर्यंत पाऊण किलोमीटर पांदण आहे. काळी जमीन, आठ दिवसांचा पाऊस. मी म्हटले गाडी देवळापाशी लाव. त्याने ऐकले नाही. चार चाकांचे बळ आहे ना! शेजारच्या रानातून एकाने ओरडूनही विचारले, "ओ पाव्हणं, गाडी कुठं घालायलाव?" तोवर आम्ही घातली होती.

पन्नास पावले गेलो असू. मग चारही चाके एकदम, एकमताने, गरगर फिरायला लागली. पोट गाळात टेकले आणि चाके लोंबकळल्यासारखी झाली. गुळगुळीत रस्त्यासाठी केलेल्या टायरच्या बारीक खाचा काळ्या मातीने केव्हाच भरून गेल्या होत्या, चाक जणू लोण्याने माखले होते. पांदणीत बळापेक्षा टायरची नखे आणि पोटाखालची जागा महत्त्वाची, आणि या गाडीकडे दोन्ही नव्हते. ३०६ अश्वशक्ती तिथे तशीच बसून राहिली. शेजाऱ्याने ट्रॅक्टर आणला. दोनच चाके ओढणारा, जुना, रंग उडालेला. गाडीच्या डिकीत एक कडी असते, ती पुढच्या बंपरमधली झाकणी काढून आटे फिरवत बसवायची आणि दोर बांधायचा. अर्ध्या मिनिटात मोटार मुरुमावर. आमच्या घरची माणसे बांधावर उभी राहून हसत होती. धाकटी सून म्हणाली, "मामांना आणायला ट्रॅक्टर लागला का ट्रॅक्टरला आणायला मामा?" भाच्याने तिसऱ्यांदा गाडी धुतली तेव्हा तो हसायला लागला.

इथवर सगळी गंमत होती. खरे सांगायचे ते यापुढे आहे.

साडेसातला आम्ही पुन्हा निघालो, बोअरची मोटार आणायला. ती आल्याशिवाय सकाळी घरात हंडा भरणार नव्हता. अंधार पडलेला, पाऊस भुरभुर. मांजरसुंब्याहून घाट उतरायला लागलो. भाचा चालवत होता. वेग ऐंशीच्या घरात. मला तो जास्त वाटत नव्हता, हे मी कबूल करतो. दिवसभर ही गाडी कुठे हलली नव्हती, चाक कधी सुटले नव्हते, तेव्हा रस्ता निसरडा आहे ही जाणीवच माझ्या मनातून निघून गेली होती. दोन चाकांची गाडी असती तर चढतानाच एक-दोनदा चाक फिरले असते, मागचा भाग हलला असता, आणि रस्त्यानेच बजावले असते की बाबा, जपून. या गाडीने ते सगळे स्वतः निस्तरले आणि आम्हाला काही कळू दिले नाही.

वळण संपले आणि समोर काळोखाचा एक चौकोन दिसला. दिवा नाही, काही नाही. मग त्याच्या खाली चार दगड आणि एक लिंबाची फांदी. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, आणि मागच्या ट्रॉलीचे चाक बसलेले.

भाच्याने ब्रेक दाबला तो दोन्ही पायांनी दाबावा तसा. पेडल पायाखाली थडथडत होते, चाके बांधली जाऊ नयेत म्हणून यंत्र ब्रेक सोडत-धरत होते. गाडी सरळ राहिली. थांबली तेव्हा पुढचा बंपर आणि ट्रॉलीचा लोखंडी मागचा भाग यांत सहा-सात हात अंतर होते. ट्रॉलीत भांडी, पत्रे, गोधड्या, शेळीचे एक पिल्लू, आणि त्यावर प्लास्टिकचा कागद पांघरून बसलेल्या दोन बाया व लेकरे. एक लेकरू आमच्या दिव्यांकडे डोळे किलकिले करून पाहत होते.

घरी येऊन मी हिशोब मांडला, तुम्हीही मांडून पाहा. ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही एक सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २२ मीटर गेले. नंतर ओल्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर. वेग शंभर असता तर पहिलेच २८ मीटर गेले असते आणि पुढचे साठाच्या घरात, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गाने थांबायचे अंतर वाढते. दुप्पट वेगाला चौपट. आणि त्या रात्री ती ट्रॉली आम्हाला साठ-सत्तर मीटरवरून दिसली होती.

आता या हिशोबात चार चाकांचे बळ कुठे आले? कुठेच नाही. बळ चारही चाकांना जाते ते पळताना. थांबताना तर ब्रेक सगळ्याच मोटारींच्या चारही चाकांना असतो, तुमच्या-आमच्या साध्या गाडीच्याही. रस्त्याला धरून ठेवायला प्रत्येक टायरचा तळहाताएवढा भाग, तोही तेवढाच. चार बैलांनी गाडी चढावर झकास जाते, पण उतारावर बैल दोन असोत की चार, ओझे पाठीवर येते ते येतेच. भाच्याला मी हे त्या रात्री सांगितले नाही. तो काहीच न बोलता चक्र धरून बसला होता.

मग तो उतरला. डिकीतून लाल त्रिकोण काढला आणि घाटात मागे साठ-सत्तर पावले चालत जाऊन वळणाच्या अलीकडे ठेवून आला. बाया-लेकरांना आम्ही खाली उतरवून कडेच्या कठड्यापलीकडे बसवले, मोटारीत बसवले नाही, कारण मागून कोणी आलेच असते तर मोटारच आधी चेपली असती. गाडी मागे घेऊन चारही इंडिकेटर लावून उभी केली. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा विशीतला. केजकडची टोळी, नगर जिल्ह्यातल्या कारखान्यावर चालली होती. मी विचारले, "बाळा, मागं लाईट का नाही?" तो जॅक लावता लावता म्हणाला, "ट्रॉलीला व्हतीच कुठं? पुढच्या ट्रॉलीची व्हती, ती वायर गेल्या साली तुटली." रागावणार कोणावर? तो काही मजा करायला निघाला नव्हता. आणि गेल्या साली माझ्या ट्रॉलीची वायर तुटली ती मीही जोडलेली नव्हती.

स्टेपनी बसायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात घाटातून कितीतरी गाड्या आल्या, प्रत्येकीने त्रिकोण पाहून वेग कमी केला. छप्पन्न लाखांच्या मोटारीचा त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा उपयोग म्हणजे तिचे लुकलुकणारे दिवे. टोळी निघाली तेव्हा भाच्याने तो त्रिकोण ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवून दिला. "तुमच्याच कामाचा हाय," एवढेच म्हणाला. तो पुण्यात राहूनही गडबडीत बीडचे बोलतो.

बीडच्या दुकानदाराला फोन करून थांबवले होते. बोअरची मोटार गोणपाटात गुंडाळून मर्सिडीजच्या डिकीत घातली आणि रात्री अकराला देवळापाशी उतरवून घेतली. पुढे ती खांद्यावर नेली.

दुसऱ्या दिवशी नेकनूरला जाऊन रेडियमची पट्टी आणली. वायर तुटते, बल्ब जातो, पण रेडियमला वायर लागत नाही. मागच्या गाडीचा उजेड पडला की ते पेटते. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी, अशी लावायची असते. चिकटवण्याआधी पत्रा रॉकेल-डिझेलने नव्हे, साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा, तेलकट पत्र्यावर ती दोन दिवस टिकत नाही. आणि मागच्या फळीवर उंच लावू नका. ऊस भरला की वाढे खाली लोंबतात आणि फळी झाकून जाते. खाली चासीच्या आडव्या पट्टीवर आणि दोन्ही टोकांना लावा, म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे तेही मागच्याला कळेल. आठवड्याला एकदा फडक्याने चिखल पुसा. ट्रॉली रस्त्यात बंद पडलीच तर दगड लावा, पण चार पावलांवर नव्हे, साठ-सत्तर पावलांवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, आणि निघताना ते दगड आठवणीने उचला. मागे राहिलेल्या दगडावर मोटारसायकलवाले पडतात.

माझ्या दोन ट्रॉल्या झाल्या, शेजाऱ्याची एक झाली. ज्याच्या ट्रॅक्टरने आम्हाला गाळातून काढले तोच शेजारी. भाचा दोन दिवस राहिला, त्याने स्वतः बसून पट्ट्या कापल्या. शेवटी हातभर लाल पट्टी उरली ती धाकट्याने बैलगाडीच्या मागे लावली. तिरपी लागली आहे. निघत नाही, तशीच आहे.